इंटरनेटची जोडणी आणि राखण : हातच्या कसबाचा नवा धंदा

दहावी-बारावीचे निकाल लागले की बाजारातील ओळखीची मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : मुलाला कुठल्या लाईनीत घालावे? परवा चपलांचे दुकान असलेले एक स्नेही आले. त्यांच्या हातात एका क्लासचा गुळगुळीत रंगीत कागद होता. त्यावर तोंड झाकलेल्या माणसाचे चित्र आणि खाली ‘सहा महिन्यांत हॅकर बना, नोकरीची शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात. फी ऐंशी हजार रुपये. "भाई, पोरगा हट्ट धरून बसलाय. भरू का पैसे?" असे त्यांनी विचारले. ऐंशी हजार म्हणजे त्यांच्या दुकानातला ईदच्या हंगामाचा निम्मा माल.

पैसे भरू नका, असे आम्ही त्यांना सांगितले. पण ही लाईन वाईट आहे, असे मात्र सांगितले नाही. उलट, इंटरनेटच्या जोडणीचे आणि राखणीचे काम आपल्या कारागीर घरांतील मुलांना जितके मानवेल, तितकी फार थोडी नवी कामे आहेत. कारण हे मुळात हाताचे कसब आहे आणि ते शिकण्याची रीत उस्ताद-शागिर्दाचीच आहे. आधी तार ओढायची, मग जोडायची, मग पेटी समजून घ्यायची, आणि हे सगळे अंगवळणी पडल्यावर राखणदारी. क्लासवाला फक्त शेवटची पायरी विकतो. खालच्या पायऱ्यांबद्दल तो बोलत नाही, कारण त्या शिकवायला वेळ लागतो.

न्हावाशेव्याच्या धक्क्यावर काय झाले

या कामाची किंमत काय, हे कळण्यासाठी २०१७ सालची एक हकीकत सांगतो. आयात-निर्यातीच्या धंद्यातील वाचकांना ती आठवत असेल. त्या वर्षी २७ जूनला युक्रेन देशात एक घातक विषाणू-सॉफ्टवेअर सुटले. पुढे त्याला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. ते शिरले कुठून? तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. तिकडच्या हजारो पेढ्या हिशेब ठेवायला आणि कर भरायला ‘एम.ई.डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेत घुसून, नव्या आवृत्तीच्या पुडीत विष बांधले आणि ते गिऱ्हाइकांच्या घरी पोचते केले.

जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक असलेल्या मर्स्कच्या युक्रेनमधील एका कार्यालयातही हे सॉफ्टवेअर होते. तेवढे पुरले. काही तासांत मर्स्कचे जगभरचे संगणक काळे पडले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का मर्स्कच्याच समूहातील कंपनी चालवत होती. तिथले काम ठप्प झाले. क्रेन शाबूत, कंटेनर शाबूत, हमाल-चालक हजर. पण कुठला कंटेनर कुठे ठेवला आहे आणि कोणत्या गाडीवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद. माल समोर दिसतो आणि उचलता येत नाही, अशी अवस्था.

मर्स्कने स्वतःच सांगितलेला तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात होता. कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोस येथे जाहीरपणे सांगितले की, दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यातही एक अडचण अशी आली की, कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंदवही, म्हणजे कोण आत येऊ शकतो आणि कोणाला किती अधिकार आहेत याची यादी, जगात सुमारे दीडशे ठिकाणी ठेवलेली होती आणि ती सर्व ठिकाणे एकमेकांची नक्कल करीत. त्यामुळे सगळ्याच प्रती एकदम नष्ट झाल्या. एक सोडून. आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तिथला संगणक जाळ्यापासून तुटला होता. तोच वाचला. ती नोंदवही विमानाने इंग्लंडला न्यायची, तर घानामधील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकाने नायजेरियापर्यंत नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसऱ्याने लंडन गाठले. अमेरिकेतील ‘वायर्ड’ मासिकात २०१८ मध्ये ही हकीकत सविस्तर छापून आली.

आपल्याकडे रोज वीज जाते म्हणून आपण कुरकुरतो. तिकडे एका भारनियमनाने एवढी मोठी कंपनी तारली!

गंमत बाजूला ठेवू. या विषाणूने विंडोजमधील ज्या मोठ्या छिद्राचा उपयोग केला, त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे तीन महिने आधी दिलेले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांची दारे उघडीच होती. पण नुसते ठिगळही पुरले नाही. एका संगणकावर मुख्य किल्ली सापडली की, ती घेऊन हा विषाणू ठिगळ लावलेले संगणकही उघडत होता. म्हणजे जाळ्यात मधल्या भिंती आणि दारे नव्हती. कापडाच्या वखारीत आग लागली तर ती एका गाळ्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये पक्की भिंत लागते. जाळे बांधणाऱ्या कारागिराने तशी भिंत घालायची असते, आणि एक प्रत कायम जाळ्याबाहेर काढून ठेवायची असते. सगळ्या प्रती एकाच दोरीला बांधल्या तर त्या प्रती नव्हेत.

पार्सल, बिल्टी आणि नाका

आता हे जाळे चालते कसे, ते पाहू. ट्रान्सपोर्टचा धंदा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला पाच मिनिटे लागतील.

तुम्ही मोबाईलवरून दुबईच्या व्यापाऱ्याला मालाचा फोटो पाठवता, तेव्हा तो फोटो अखंड जात नाही. त्याचे शेकडो लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पार्सल, आणि प्रत्येकावर बिल्टीसारखा पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता. या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. असे सुमारे ४३० कोटीच पत्ते होऊ शकतात. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला, म्हणून त्याहून कितीतरी लांब, नव्या पद्धतीचे पत्ते आता वापरात येत आहेत. दोन्ही पद्धती एकत्र चालवणे हे आजच्या कारागिराचे रोजचे काम आहे.

वाटेत नाके लागतात. नाक्यावरच्या यंत्राला राउटर म्हणतात. हा मुनीम प्रत्येक पार्सलवरचा पत्ता वाचतो, आपली वही बघतो आणि पुढच्या नाक्याकडे ढकलतो. पूर्ण रस्ता कोणत्याही एका मुनिमाला माहीत नसतो. पुढचा नाका कोणता एवढेच त्याला कळते. नाके एकमेकांना सतत सांगत असतात की, अमुक पत्त्याचा माल माझ्याकडे द्या, मी पोचवतो. सगळा कारभार या शब्दावर चालतो. आणि शब्द चुकला तर काय होते, ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. पाकिस्तानातील सरकारी टेलिफोन कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करायचे म्हणून, यूट्यूबच्या पत्त्यांचा माल आपल्याकडे वळवणारी नोंद केली. ती नोंद चुकून देशाबाहेर गेली. हाँगकाँगच्या मोठ्या नाक्याने ती न तपासता पुढे ढकलली आणि सुमारे दोन तास जगातील बऱ्याच भागात यूट्यूब दिसेनासे झाले. कोणी कुलूप फोडले नव्हते. फक्त एक चुकीची नोंद, आणि ती न तपासणारा शेजारी. नाक्यांची ही भाषा ज्याला नीट येते, त्या माणसाला या क्षेत्रात मान आहे. अशी माणसे फार नाहीत.

नाक्यानाक्यांत अंतर पडते, तिथे काचेची तार. मुंबईला या कामात विशेष महत्त्व आहे, कारण समुद्रातून येणाऱ्या परदेशी तारा भारतात ज्या थोड्या ठिकाणी जमिनीवर चढतात, त्यांत मुंबई आणि चेन्नई ही मुख्य. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की, आपल्या पायाखालून युरोपशी होणारे बोलणे जात आहे? या तारा समुद्राच्या तळाशी पडलेल्या असतात आणि तुटतातही. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या, तेव्हा मुंबई-पुण्यातील कामकाज मंदावले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा तसेच झाले. समुद्रातली तार दुरुस्त करायला खास जहाज जाते. ती गोष्ट वेगळी. पण जमिनीवर आल्यानंतर तीच काच आपल्या गल्लीपर्यंत आणणारे हात इथलेच असतात.

आणि या तारांमुळेच ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. डेटा सेंटर म्हणजे संगणकांची वखार. तिथे वीज, थंड हवा आणि तारा, या तीन गोष्टी वर्षाचे ३६५ दिवस अखंड लागतात. म्हणून एसी मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, केबलवाला आणि नेटवर्कवाला असे चौघेही तिथे लागतात.

पहिली पायरी : तार

तांब्याच्या तारेपासून सुरुवात करावी. ऑफिसातील निळी किंवा करडी केबल कापली की आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनचा पीळ घातलेल्या. त्यांचा क्रम ठरलेला आहे : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम लावून तारा लहानशा प्लास्टिकच्या टोकात सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. ऐकायला सोपे. पण पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडला तर जोड लागतो, दिवाही पेटतो आणि तरी वेग मिळत नाही. तार १०० मीटरपेक्षा लांब ओढली तरी तोच त्रास. जरीकाम करणाऱ्याला टाक्याचे जसे कळते, तसे हे बोटांना कळावे लागते. विजेच्या तारेला लगटून ही केबल ओढू नये, हेही उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो आणि शागीर्द पहिल्याच महिन्यात विसरतो.

त्यानंतर काच. लांब पल्ल्याच्या काचेच्या तारेत ज्या गाभ्यातून उजेड धावतो तो सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या कितीतरी पट बारीक. दोन टोके स्वच्छ पुसून, काटकोनात छाटून, यंत्रात समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची असतात. चांगल्या जोडात उजेड जवळजवळ वाया जात नाही. वाईट जोडात तो तिथेच सांडतो, आणि चार किलोमीटरवर बसलेल्या गिऱ्हाइकाची ओरड सुरू होते. जोड कुठे बिघडला आहे, हे सांगणारे मोजयंत्रही मिळते. ते टोकाला लावले की आत उजेड सोडून इतक्या मीटरवर दोष आहे असे दाखवते. हे वाचायला जो शिकला त्याचा रोज वाढला. यंत्रे महाग आहेत, पण सुरुवातीला ती कंत्राटदाराची असतात.

एक इशारा. काचेतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, तरीही तो डोळ्याला इजा करू शकतो. चालू तारेच्या टोकात कधीही डोकावू नये. काचेचे कापलेले तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून बंद डबीत टाकावेत. ते बोटात शिरले तर सापडत नाहीत.

हे काम करताना उन्हात, शिडीवर, गटाराच्या कडेला उभे राहावे लागते. सुरुवातीला पगारही थोडा असतो. ज्याला पहिल्या दिवसापासून वातानुकूलित खोली हवी आहे त्याला हे पटणार नाही. पण सांगण्याचा मुद्दा असा की, तार माहीत असलेला माणूस पुढे राउटरसमोर बसतो तेव्हा, बिघाड सॉफ्टवेअरचा की तारेचा, हे त्याला चटकन कळते. पुस्तकातून आलेल्याला ते कळायला दिवस जातो.

राखणदारी

तार आणि नाका समजला की मग सुरक्षेकडे वळावे. सुरक्षेच्या कामाचे सिनेमात दाखवतात तसे फारसे काही नसते. पुष्कळसे काम चौकीदाराच्या आणि मुनिमाच्या मधले असते. जाळ्यात कोण आला, कधी आला, किती माल बाहेर नेला, याचा रोजमेळ यंत्र आपोआप लिहीत असते. तो वाचायचा आणि रोजच्यापेक्षा वेगळे काही दिसले की उठून बघायचे. रात्री तीन वाजता हिशेबनिसाच्या नावाने कोणी आत आले असेल, तर हिशेबनीस खरोखर जागा आहे का? एवढा साधा प्रश्न वेळेवर विचारणारा माणूस मोठ्या पेढीला हवा असतो.

तो नसला किंवा त्याचे लक्ष नसले की काय होते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातीलच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन, बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, आणि काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवण्यात आली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. ११ तारखेला शनिवार होता. दुसरा घाव १३ तारखेला बसला. चोर सुट्टीचा दिवस बघून येतो, ही गोष्ट आपल्या दुकानदारांना नव्याने सांगायला नको.

म्हणूनच हे काम चोवीस तास, तीन पाळ्यांत चालते आणि म्हणून माणसे लागतात. त्यात सरकारी नियमही आहेत. देशाच्या संगणक सुरक्षेचे काम पाहणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून आहे. तिने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की, हल्ला किंवा घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवले पाहिजे, आणि यंत्रणेचा रोजमेळ १८० दिवस जपून ठेवला पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, गिऱ्हाइकांच्या माहितीची पुरेशी राखण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा आला की तो पाळण्यासाठी माणूस ठेवावा लागतो. जीएसटी आला तेव्हा कर सल्लागारांचे काम कसे वाढले, ते आपण पाहिलेच.

रात्रपाळी हा या कामातील खरा त्रास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मुलींच्या बाबतीत पालक इथेच अडतात. दिवसपाळीची आणि घरून करता येणारी कामेही या क्षेत्रात आहेत. ती विचारून घ्यावीत. मुलींना हे जमत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगावे की, जाळ्यातील पार्सले गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून जगभरच्या स्विचमध्ये वापरली जाणारी युक्ती १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या बाईंनी काढली.

आता त्या ‘हॅकर’ शब्दाबद्दल. मालकाच्या लेखी परवानगीने त्याचे जाळे तपासणे हा सन्मानाचा धंदा आहे. परवानगीशिवाय तेच करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त बघत होतो’ ही सबब चालत नाही. शेजारच्या कॉलेजच्या किंवा बँकेच्या यंत्रणेवर हात साफ करायला सांगणारा क्लास असेल, तर मुलाला त्याच दिवशी बाहेर काढावे. सराव घरच्या दोन संगणकांवरही होतो.

शिकायचे कुठे, पैसे किती

दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा कोर्स असतो. प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, चौकशी करावी. ज्याला पुढे जायचे आहे त्याने पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट मोकळी राहते. मुंबईकरांना भायखळ्याचे साबू सिद्दीक ठाऊक आहेच. इंजिनिअरिंग किंवा संगणकातील पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी सी-डॅकचा जाळे आणि सुरक्षा या विषयावरचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. दलालामार्फत नव्हे, स्वतः जाऊन.

डिग्रीच्या जोडीला, आणि काही ठिकाणी डिग्रीऐवजीही, कंपन्या परीक्षेचा दाखला बघतात. नेटवर्कसाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा सर्वांत ओळखीची. तिची फी ३०० डॉलर, वर कर. दाखला तीन वर्षे चालतो, मग पुन्हा परीक्षा. सुरक्षेच्या बाजूला कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस ही सुरुवातीची परीक्षा. पुढे ओएससीपी नावाची एक परीक्षा आहे, तिच्यात प्रश्नपत्रिका नसतेच. जवळजवळ चोवीस तास देऊन यंत्रे उघडून दाखवा म्हणतात आणि त्यानंतर अहवाल लिहून घेतात. ती पहिल्या वर्षात देण्याची परीक्षा नव्हे, पण काम येते की नाही हे कळण्यासाठी अशी परीक्षा हवी, असे आमचे मत. आपल्याकडेही कारागिराला कागद कोण विचारतो? नग बघतात.

शिकण्याचा बराचसा माल फुकट आहे. जाळे कागदावर मांडावे तसे संगणकावर मांडून चालवून बघण्याचे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर, जाळ्यातून जाणारी पार्सले उघडून दाखवणारे वायरशार्क, आणि लिनक्स. तिन्हींना एक पैसा पडत नाही. जुना संगणक, भंगारातून आणलेले दोन स्विच आणि पकड, एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो. उर्दू किंवा मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजीची भीती वाटते. बोलण्याचे इंग्रजी नंतर येईल, पण वाचण्याचे इंग्रजी लागतेच. यंत्र चूक सांगते ती इंग्रजीत. रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचले तरी वर्षात फरक पडतो.

गल्लीतले काम

कंपनीची नोकरी हाच एक मार्ग आहे असे समजू नये. आपल्याच बाजारात फिरून बघा. दवाखाना, शाळा, पतपेढी, लग्नाचा हॉल, यंत्रमागाचा कारखाना, प्रत्येक ठिकाणी कॅमेरे, वाय-फाय आणि बिलाचा संगणक आहे. तो एकदा कोणीतरी बसवून गेला आणि मग फिरकला नाही. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच. गिऱ्हाइकाला दिलेल्या वाय-फायवरच गल्ल्याचा संगणक. हिशेबाचे सॉफ्टवेअर चोरटी प्रत. वर्षाचा हिशेब एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क संगणकाला कायमची जोडलेली. मर्स्कचे जे झाले ते याच चुकांचे मोठे रूप होते. अशा पन्नास दुकानांची वर्षाची देखभाल प्रामाणिकपणे करणाऱ्या मुलाला नोकरी शोधावी लागणार नाही. मात्र हा धंदा विश्वासाचा आहे. दुकानाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात असतात. एकदा एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगितली की बाजार संपला.

दुकानदारांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात पाठवा’ असा मेल आला, तर पैसे पाठवण्याआधी त्याच्या जुन्या नंबरवर फोन करावा. मेलमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नव्हे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच मिळतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे.

कोकणातील वाचक आखाताबद्दल विचारतील. तिकडे केबल आणि नेटवर्कच्या कामाला मागणी असते, पण दोन वर्षांचा हाताचा अनुभव आणि एखादा दाखला घेऊन गेलेल्याची किंमत वेगळी आणि हेल्पर म्हणून गेलेल्याची वेगळी. जाण्याआधी एजंटाचा सरकारी परवाना तपासावा आणि करारात कामाचे नाव काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.

चपलांचे दुकानदार पुन्हा भेटले. मुलगा सध्या एका केबल कंत्राटदाराकडे जातो आणि संध्याकाळी घरी अभ्यास करतो. त्यांची तक्रार एवढीच की, पोरगा धुळीने भरलेले कपडे घालून येतो आणि दुकानातल्या राउटरचा पासवर्ड बदलून बसला आहे, तो त्यांना सांगत नाही. आम्ही म्हटले, पासवर्ड कागदावर लिहून गल्ल्याच्या पेटीत ठेवायला सांगा, आणि हिशेबाची एक प्रत दर जुमेरातला वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क घरी न्यायला लावा.